गाडी चढाला दम का सोडते?

वाचकांपैकी अनेकांच्या दारात एखादी जुनी मोटारसायकल उभी असेल. आमच्याही दारात आहे. शंभर सीसीची, कार्बोरेटरची. अब्बा 2006 मध्ये नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती रोखीने घेतली. दहा-बारा वर्षे स्वतः चालवली. पुढे गुडघे दुखू लागले, तशी चावी आमच्या हातात आली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत जाऊन पासिंग पुन्हा करून घेतले. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर आहे. तेवढ्यासाठी ती अजून पुरते.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र या गाडीने आम्हाला चांगलेच घाबरवले. जुनी गाडी ‘ओढत नाही’ ही तक्रार घरोघरी असते, म्हणून काय घडले ते आधी सांगतो. घरच्या घरी काय तपासता येते, तेही पुढे लिहिले आहे.

पत्नीच्या खाला कराडला आजारी होत्या. सकाळची एसटी चुकली, म्हणून चिपळूणहून आम्ही दोघे गाडीवरच निघालो. लांबचा पल्ला म्हणून निघताना टाकी फुल केली. पोफळीपर्यंत काही तक्रार नव्हती. कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि गाडी जड वाटू लागली. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. थोडा सरळ रस्ता दिसला तशी आम्ही गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलेटर पूर्ण पिळला. गाडी घोगरा आवाज करत होती, पण वेग वाढेना. ट्रकच्या बरोबरीला असतानाच समोरच्या वळणावरून एसटी आली. ब्रेक मारून ट्रकच्या मागे शिरलो. एसटी अगदी जवळून गेली. अल्लाहची मेहरबानी, दुसरे काय म्हणणार!

पत्नी काहीच बोलल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे थांबलो. गाडी पुन्हा सुरू केली तर काही झालेच नाही अशी पळू लागली. चार-पाच वळणांनंतर परत तेच. थांबत थांबत कसाबसा घाट चढलो.

परत आल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली. “पिकअप नाही,” एवढेच सांगितले. मेकॅनिकने नाक्यापर्यंत चक्कर मारली. गाडी बरी पळाली. मग त्याने मीटर पाहिला, 88 हजार किलोमीटर. प्लग काढला, टोक पांढरट होते. “इंजिन गरम होतंय सर, बोअर गेलाय. रिंग, पिस्टन, बोअर धरून आठ-साडेआठ हजार होतील.” पैसे घरात होते, पण ते मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आणि हॉस्टेलसाठी बाजूला काढलेले. “सोमवारी आणतो,” म्हणून आम्ही घरी आलो.

अब्बा पडवीत बसले होते.

“काय म्हणतो तो?”

“बोअर गेलाय म्हणतो, अब्बा.”

“गाडी दम सोडते कधी?”

“घाटात.”

“निघाल्यापासून किती वेळाने?”

“अर्ध्या-पाऊण तासाने.”

“थांबलास की बरी होते?”

“हो.”

“धूर? ऑइल कमी होतं?”

“दोन्ही नाही.”

“मग बोअर कसा गेला? गेलेला बोअर दहा मिनिटं बसून बरा होत नाही, बेटा. टाकीचं झाकण उघडून बघितलंस?”

तेव्हा आमच्या लक्षात आले. गेल्या वर्षी पावसाचे पाणी टाकीत गेले होते. ते टाळायला यंदा जूनमध्ये आम्हीच सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून झाकणाखाली घट्ट बसवला होता. आपल्या हुशारीवर खूशही होतो. पण झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते, ती त्या रबराने बुजली होती.

पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत यावी लागते. बाटलीच्या बुडाला भोक पाडून पाणी भरले आणि वर बूच घट्ट लावले, तर धार थांबते. हा प्रयोग आम्ही दरवर्षी वर्गात करून दाखवतो! टाकीतही तेच झाले. आत हवेचा दाब कमी होत गेला आणि पेट्रोल उतरायचे मंदावले. घाटात इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, नेमके तेव्हाच ते कमी पडले. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणून प्लगही पांढरट. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा शिरायची आणि गाडी बरी व्हायची. शिवाय टाकी फुल असली की वर हवेला जागा थोडी, त्यामुळे हे लवकर घडते. शाळेच्या सहा किलोमीटरांत किंवा नाक्यापर्यंतच्या चकरेत ते कळणार नव्हते.

ट्यूबचा तुकडा काढला. झाकणाचे मूळ रबर शंभर-दीडशे रुपयांत नवे मिळाले. पुढच्या रविवारी टाकी फुल करून एकट्याने घाट चढून आलो. गाडी एकदाही अडली नाही.

मेकॅनिकला जाऊन सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “सर, थांबल्यावर बरी होते हे तुम्ही बोललाच नाहीत.” त्याचे खरे होते. वर्गात एखादे मूल ‘पोटात दुखतंय’ म्हणाले तर आम्ही केव्हापासून, काय खाल्ले, असे चार प्रश्न विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र दोनच शब्द सांगून मोकळे झालो होतो.

आता तपासायचा क्रम सांगतो. सूत्र एवढेच, की फुकटचे आधी, खर्चाचे शेवटी. हे सगळे कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्यांची तपासणी वेगळी असते.

आधी वहीत लिहा

गाडी कधी ओढत नाही? थंड असताना की तापल्यावर? निघाल्यापासून किती किलोमीटरवर? एकटे असताना की डबलसीट? टाकी भरलेली होती की रिझर्व्हवर? धूर आला का, कोणत्या रंगाचा? त्याआधी गाडीला कोणते काम केले होते? शेवटचा प्रश्न विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

पान्हा न लावता

गाडी बंद करून, न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर लावा आणि मागचे चाक हाताने फिरवा. बोटे चेनपासून लांब ठेवा. चाक दोन-तीन फेरे मोकळे फिरले पाहिजे. लगेच अडले तर ब्रेक घासत आहे. फेरी मारून आल्यावर ब्रेकचा ड्रम चटका देण्याइतका तापला असेल तरी तेच समजा. ब्रेक धरलेली गाडी कितीही रेस दिली तरी पळणार नाही.

टायरमधली हवा थंड टायरवर तपासा. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत पुढे 25 आणि मागे एकट्यासाठी 28 असा आकडा आहे, डबलसीटसाठी जास्त. तुमच्या गाडीचा आकडा चेन कव्हरवर किंवा पुस्तिकेत मिळेल. चेन मधोमध दाबली की साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खाली-वर हलावी. ती कोरडी किंवा फार ताणलेली असेल तर ताकद तिथेच वाया जाते.

चोक पूर्ण बंद होतो का ते पाहा. अर्धवट अडकला तर गाडी काळा धूर टाकते आणि अडखळते. ॲक्सिलेटरची केबल लांबली असेल तर आपण मूठ पूर्ण पिळतो, पण कार्बोरेटर पूर्ण उघडतच नाही.

आवाज वाढतो, वेग वाढत नाही

मोकळ्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये मध्यम वेगात असताना एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतो आहे. आधी क्लचच्या दांडीला थोडी ढील आहे का ते पाहा. दांडी सतत ताणलेली असेल तर प्लेटा नीट चिकटत नाहीत. केबल सैल केली की काम भागू शकते. मग ऑइल पाहा. या गाड्यांच्या क्लच प्लेटा इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. गाडीत कारचे ऑइल घातले तर त्यातील निसरडेपणा वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-2’ लिहिलेले मोटारसायकलचेच ऑइल घ्या. एवढे करूनही फरक पडला नाही तरच प्लेटा बदला.

हवा, पेट्रोल, ठिणगी

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन परत बसवता येतो. कागदाचा असेल तर धुऊ नका, बदला.

पेट्रोलचे काम करताना इंजिन थंड असू द्या आणि जवळ विडी-काडी नको. गाडी दम सोडेल त्या क्षणी बाजूला थांबून झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष हवेच्या वाटेत. तसे नसेल तर पेट्रोल कॉकची जाळी आणि कार्बोरेटरचे तळभांडे साफ करून घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते, आणि कार्बोरेटरला पेट्रोल तळातूनच जाते. म्हणून पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांवरही लक्ष असू द्या.

प्लगचा रंग बरेच सांगतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन तापते आहे. ओला, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. प्लग जुना असेल तर नवा घालून पाहा. या यादीतला हा सर्वांत स्वस्त सुटा भाग आहे.

मगच इंजिन

इतके करूनही फरक पडला नाही तर टॅपेट तपासून घ्या. हे काम थंड इंजिनावरच होते. टॅपेट फार आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत आणि दाब निसटतो. त्यानंतर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. कमी भरले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग-बोअर झिजले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे पाहायचे. निळसर धूर, ऑइल सतत कमी होणे, किकला दाब न लागणे, ही लक्षणेही असतील तर बोअरचे काम खरेच आले आहे असे समजा. मग चालढकल करू नये, पैसे घालावेत.

आणि दोष सापडेपर्यंत ती गाडी घेऊन घाटात जाऊ नका, कोणाला ओव्हरटेकही करू नका. नाक्यावर बरी पळणारी गाडी ट्रकच्या बरोबरीला असताना काय करील, याचा भरवसा नसतो.

मुलीचा प्रवेश झाला, फी वेळेवर भरली. पडवीत खिळ्याला आता एक वही टांगली आहे. गाडीला काय केले, कधी केले, ते तीत लिहितो. पहिली नोंद अब्बांनी सांगितली आणि आमच्याकडूनच लिहून घेतली : ‘झाकणाखाली ट्यूब बसवू नये.’ पत्नी मात्र घाटात गाडीवर बसायला अजून तयार नाहीत. पुढच्या वेळी कराडला एसटीनेच जायचे ठरले आहे.