एका मोहऱ्यावर भिस्त

मोठा सामना तोंडावर आला असता संघाचा मोहरा जायबंदी झाला, की फुटबॉलच्या शौकिनांत एकच खल सुरू होतो : तो खेळणार काय? तो बरा आहे काय, हे क्वचितच कोणी पुसतो. २०१४ च्या विश्वचषकात उपान्त्यपूर्व सामन्यात नेमारच्या पाठीचा मणका मोडला. चार दिवसांनी त्याचा सदरा हाती धरून राष्ट्रगीतास उभा राहिलेला ब्राझीलचा संघ जर्मनीकडून १-७ असा धुळीस मिळाला. कर्णधार सिल्व्हाही त्या दिवशी निलंबित होता, हे खरे. परंतु संघाचा धीर आधीच खचला होता, असे आम्हांस वाटते. १९६२ मध्ये चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. बदली खेळाडूची मुभा नसल्याने तो लंगडतच मैदानात राहिला. पुढील सामन्यात त्याच्या जागी आलेल्या अमारिल्दोने स्पेनवर दोन गोल चढविले आणि अखेर ब्राझीलने विश्वचषक राखला. शौकिनांनी विजयाची आशा अवश्य धरावी. पण दुखऱ्या देहानिशी खेळण्याची सक्ती त्यांच्या आरोळ्यांतूनही होत असते, याचे भान त्यांनी ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.