काजू पांढरा, मग फोटोत पिवळा का?

काजूच्या धंद्यात रंगाला पैसे पडतात. अख्खा पांढरा गर एका भावाने जातो. भाजताना किंवा वाळवताना जास्त उष्णता लागून तांबूस झालेला गर त्याहून कमी भावाने. व्यापारात पहिल्याच्या प्रतीला ‘डब्ल्यू’ म्हणतात, दुसऱ्याच्या प्रतीला ‘एसडब्ल्यू’. पुढचा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते सांगतो. १८० म्हणजे टपोरा, २४० त्याहून लहान, ३२० आणखी लहान. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा आणि चंदगड तालुक्यांतल्या काजू कारखान्यांत बायका तासन् तास बसून ही निवड करतात. साल नीट निघाली का, गर चिरला का, कडेला डाग आहे का, सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी.

मग तोच माल स्टीलच्या ताटात ओतला जातो, वर पिवळा बल्ब असतो, मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसतो तांबूस काजू, त्यात ताटाची चमक आणि फोटो काढणाऱ्याच्या हाताची काळी सावली. दिवसभराच्या निवडीला जो भाव मिळायला हवा, त्याच्या आड एक बल्ब येतो.

यावरचा इलाज किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला पडलेला असतो: पुठ्ठ्याचा रिकामा खोका. थेट विक्री करणाऱ्या प्रत्येक बचत गटाने, छोट्या कारखानदाराने आणि शेतकऱ्याने त्या खोक्याचा लाइटबॉक्स, म्हणजे फोटोसाठी मऊ प्रकाशाची पेटी, घरीच बनवावा आणि तो बनवायला शिकवणं हा सरकारी प्रशिक्षणाचा भाग व्हावा, असा या लेखाचा आग्रह आहे. महागड्या मोबाइलची गरज त्यानंतरची, आणि बहुतेकांना ती पडणारही नाही.

फोटो बिघडतो तो प्रकाशामुळे. प्रकाश देणारी जागा वस्तूच्या मानाने लहान असली की सावली काळी आणि धारदार पडते. तीच जागा मोठी असली की प्रकाश अनेक दिशांनी येतो, सावलीच्या कडा विरतात आणि वस्तूचा उंचसखलपणा नजरेला कळतो. बल्ब लहान असतो. पण त्याच्यासमोर बटर पेपर ताणून लावला की तो सगळा कागदच उजळतो आणि काजूच्या दृष्टीने दिवा एकदम फूटभर रुंद होतो. पावसाळ्यात आजऱ्यावर जे आभाळ भरून येतं, ते हेच काम फुकटात करतं. ढग सूर्याचा प्रकाश सगळीकडे पसरवतात, म्हणून ढगाळ दिवशी उघड्या खिडकीपाशी काढलेला फोटो भर उन्हातल्या फोटोपेक्षा चांगला येतो. पण मुसळधार पावसात दुपारी चारलाच अंधारतं, आणि गिऱ्हाइकाचा निरोप तर रात्रीही येतो. रोज सारखा प्रकाश हवा असेल तर खोका लागतोच.

साधारण दीड फूट बाजूचा खोका घ्यावा. त्याचं तोंड आपल्याकडे करून डावी, उजवी आणि वरची बाजू खिडकीसारखी चौकोनी कापावी. कडेला दोन बोटं पुठ्ठा राखला की खोका ताठ राहतो. तिन्ही खिडक्यांवर बटर पेपर, ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल ताणून चिकटवावं. कापड घेतलं तर नीळ दिलेलं नको, फोटोवर निळसर झाक येते. जुना पिवळट कागदही नको. आत पांढरं कार्डशीट मागच्या भिंतीच्या वरच्या कडेला चिकटवून पुढपर्यंत सोडावं आणि मध्ये घडी न घालता त्याला आपसूक बाक येऊ द्यावा. असं केल्यावर भिंत आणि तळ यांच्यामधली रेघच दिसत नाही. बाहेरून दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दोन एलईडी बल्ब, खिडकीपासून अर्धा ते एक फूट दूर. हॅलोजन किंवा जुना तारेचा बल्ब कागदाजवळ मुळीच लावू नये. तो तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. खोका रद्दीतला असेल तर हा सगळा खटाटोप दोन-तीनशे रुपयांत उरकतो.

बल्ब घेताना त्याच्या वेष्टनावरचा आकडा वाचावा. २७०० किंवा ३००० केल्विन म्हणजे पिवळा ‘वॉर्म’ प्रकाश, ६५०० म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणारा पांढरा ‘कूल डेलाइट’. कॅमेरा एका रंगाचा प्रकाश सावरून घेतो. एका बाजूला खोलीची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब असला की तो गोंधळतो, आणि मग काजूची एक कड निळसर, दुसरी पिवळी येते. म्हणून खोक्याचे दिवे लावले की खोलीतले बाकीचे दिवे घालवावेत.

यानंतर अनेक जण एका गोष्टीपाशी अडतात. आत सगळं पांढरं शुभ्र असूनही फोटो करडा येतो. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करडं आहे असं धरून उजेड मोजतो आणि पांढऱ्याला ओढून करड्यावर आणतो. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरायचं आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवायची, एवढ्याने पांढरं पुन्हा पांढरं होतं. फोटोवर आडवे पट्टे आले तर दोष विजेच्या लहरीत असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं की पट्टे जातात. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि वस्तूला भिडण्याऐवजी थोडं मागे सरून दुप्पट झूम करावा, म्हणजे आकार वेडावाकडा दिसत नाही.

पार्श्वभूमी मालाप्रमाणे बदलावी लागते. पांढरा काजू पांढऱ्या कागदावर हरवतो; त्याला गडद निळं किंवा काळं, न चमकणारं कार्डशीट हवं. आजरा घनसाळचंही तसंच. या आखूड, सुगंधी तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि घनसाळच्या नावाखाली दुसराच तांदूळ खपवला जातो ही तक्रारही सतत ऐकू येते. काळ्या कागदावर पसरलेले दाणे, शेजारी फूटपट्टी, चिठ्ठीवर कापणीचा महिना आणि गावाचं नाव: असा एक स्वच्छ फोटो पिशवीवरच्या रंगीत चित्रापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त सांगतो. हुपरीची चांदी किंवा कोल्हापुरी साज यांची अडचण निराळी. चकाकणारा धातू समोर जे असेल तेच दाखवतो, अगदी मोबाइल धरलेला हातसुद्धा. तिथे खोक्याचं तोंडही पांढऱ्या कागदाने झाकून भिंगापुरतं भोक ठेवावं, आणि आत एका कडेला काळ्या कागदाची बारीक पट्टी लावावी. तिचं प्रतिबिंब पडलं की दागिन्याची कड उठून दिसते.

घरी बनवलेल्या साधनाकडे नाक मुरडण्याचं कोल्हापूर जिल्ह्याला तरी कारण नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी स्वदेशी सिनेकॅमेऱ्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीने तो कॅमेरा पुरा केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ त्याच परंपरेची खूण आहे. त्याच्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपून लहानसा चित्रपट केला होता. घरातली छोटी वस्तू आणि अपार चिकाटी एवढ्यावर ते काम झालं.

यावर दोन आक्षेप निघतात. पहिला असा की घनसाळ विकला जातो तो वासावर आणि ओळखीवर, फोटोवर नव्हे. आजऱ्याच्या बाजारात ते खरंच आहे. पण नवी मुंबईतल्या गिऱ्हाइकाला पिशवी हातात येईपर्यंत वास येत नाही, आणि पहिली ऑर्डर द्यायची की नाही हे तो पडद्याकडे पाहूनच ठरवतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आता मोबाइलमधलं अ‍ॅप पार्श्वभूमी पुसून देतं, कृत्रिम बुद्धिमत्ता तर काजूचं देखणं चित्रच बनवून देते, मग खोका कशाला? कारण ते चित्र त्या काजूचं नसतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्री-मंचावर दिलेलं वर्णन आणि छायाचित्र प्रत्यक्ष मालाच्या रूपाशी आणि दर्जाशी जुळलं पाहिजे, आणि तशी हमी विक्रेत्याला द्यावी लागते. नियम बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे. चित्रात डब्ल्यू-१८० आणि डब्यात ३२० निघाला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, शिवाय आजऱ्याच्या सगळ्याच काजूबद्दल शंका घेऊन जातं. खोक्यातला फोटो मालाला आहे त्याहून देखणा करत नाही, आहे तसा दाखवतो. निवडून माल देणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

सरकारी योजनांचा भर मात्र यंत्रावर आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सोलणीचं, प्रतवारीचं, पॅकिंगचं यंत्र त्यातून येतं आणि ते यायलाच हवं. पण लाखो रुपयांच्या यंत्रातून निघालेला माल पिवळ्या बल्बखाली टिपला जात असेल, तर शेवटची पायरी तशीच राहते. तिला अनुदान लागत नाही. शिकवणारा माणूस आणि एक दुपार लागते.

शिकवणारी माणसंही जिल्ह्यात आहेत. कोल्हापूरच्या कलानिकेतन महाविद्यालयासारख्या कला संस्थांतल्या विद्यार्थ्यांना प्रकाश-छायेचा अभ्यास असतो. ग्रामीण बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ अभियानाने त्यांच्यापैकी काहींना मानधन देऊन आजरा, चंदगड, गडहिंग्लजमधल्या बचत गटांकडे पाठवावं. प्रत्येक गटाने त्याच दिवशी आपला खोका स्वतः कापावा, चिकटवावा आणि आपल्याच मालाचे फोटो काढून घरी जावं. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीत एक खोका, दोन बल्ब आणि तीन रंगांची कार्डशीटं कायम ठेवता येतील. घनसाळ उत्पादकांनी काळा कागद, फूटपट्टी, महिना आणि गाव अशी फोटोची एकच पद्धत ठरवली, तर नकली मालाशी ताडून पाहायला गिऱ्हाइकाच्या हाती काहीतरी येईल. नवी काजू बी उन्हाळ्याच्या तोंडावर यायला लागते आणि पावसाळा लागेपर्यंत कारखान्यांना उसंत नसते. म्हणून हे प्रशिक्षण भातकापणी उरकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, पंचायत समितीने लावावं.