काटकसरीची कातर

घरांतील मिळकत अपुरी पडूं लागली म्हणजे गृहिणी खर्चाला कातर लावते. परंतु ती प्रथम सणावारांच्या पक्वान्नांस लावते, लेंकराच्या दुधास नव्हे. राज्याच्या अंदाजपत्रकासही हीच कसोटी लावावयास नको काय?

अमेरिकेंत ४ जुलै २०२५ रोजीं जो मोठा कायदा संमत झाला, त्याकडे आम्ही याच दृष्टीनें पाहतों. त्या कायद्यानें करांत मोठी सूट दिली आणि तिच्या भरपाईचा बराच भाग गरिबांच्या दोन योजनांतून काढण्याचें ठरविलें. एक औषधोपचाराची ‘मेडिकेड’ व दुसरी अन्नसाहाय्याची ‘स्नॅप’. २०२४ सालीं स्नॅपचा आधार दरमहा सुमारें ४ कोटि लोकांस होता. या कायद्यामुळें २०३४ पर्यंत सुमारें १ कोटि माणसें आरोग्यविम्यास मुकतील, असा तेथील काँग्रेसच्याच अंदाजपत्रक-कचेरीचा अजमास आहे.

कायद्याचे कैवारी म्हणतात कीं, धडधाकट माणसानें काम करूनच साहाय्य घ्यावें. महिन्यास ८० तासांची अट कांहीं अन्यायाची नव्हे. तत्त्व म्हणून हें आम्हांसही पटतें. परंतु खरी अडचण कामाची नसून काम केल्याच्या पुराव्याची आहे. आर्कान्सा संस्थानांत २०१८ सालीं मेडिकेडला अशीच अट जोडली होती. तास संगणकावर नोंदवावयाचे, आणि ती नोंदणी रात्रीं नऊपासून सकाळीं सातपर्यंत बंद! थोड्याच महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचें साहाय्य तुटलें. २०१९ च्या मार्चांत न्यायालयानें ती अट थांबविली. पुढें पाहणी झाली, तेव्हां रोजगार वाढल्याचें आढळलें नाहीं. बहुतेक लोक आधींच काम करीत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. सुक्याबरोबर ओलें जळतें म्हणतात. येथें तर बहुतेक ओलेंच जळालें. हा अनुभव गांठीं असतांही नव्या कायद्यानें १ जानेवारी २०२७ पासून अनेक संस्थानांत मेडिकेडला तशीच अट घालण्याचें ठरविलें आहे.

काटकसरीस आमचा विरोध नाहीं. परंतु जी बचत गरिबाच्या चुकलेल्या अर्जांतून होते, तिला काटकसर हें नांव शोभत नाहीं. दारीं आलेल्याला “भीक नको, पण कुत्रा आवर” असें म्हणावयास लावून वांचविलेली पसाभर ज्वारी आजवर कोणत्या घरास पुरली आहे?