शाई न लागलेली बोटं

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. 7 तारखेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि आमच्या घरात आदल्या दिवशीच गोकर्णाला निघायचा बेत शिजत होता. मुलांना सुट्टी, ह्यांना रजा. "आपल्या दोन मतांनी काय फरक पडणार आहे?" असं मीही बोलून गेले.

समोर मामा चहा पीत बसले होते. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. बशी खाली ठेवून म्हणाले, "मतं देणारी माणसंच नाहीत, अशी निवडणूक मी बघितलीय, पंजाबात."

1991 ची निवडणूक म्हटलं की आपल्याला 21 मेची रात्र आठवते. श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि मतदानाचे उरलेले टप्पे जूनमध्ये गेले. पण त्याच निवडणुकीत पंजाबात काय चाललं होतं, ते आपण विसरलो. तिथं लोकसभा आणि विधानसभा दोन्हींसाठी 22 जूनला मतदान ठरलं होतं. त्याआधीच वीसहून अधिक उमेदवार मारले गेले. 15 जूनला लुधियाना जिल्ह्यात अतिरेक्यांनी दोन रेल्वेगाड्यांवर हल्ले करून सत्तरहून अधिक प्रवाशांना ठार केलं. मतदानाच्या आदल्या दिवशी शेषन यांच्या निवडणूक आयोगानं पंजाबातली निवडणूक पुढं ढकलली. त्याच दिवशी, 21 जूनला, दिल्लीत नरसिंह राव पंतप्रधानपदाची शपथ घेत होते. पंजाबच्या तेरा जागा रिकाम्याच राहिल्या.

मतदान झालं ते 19 फेब्रुवारी 1992 ला. तेव्हा मामा तिकडं गस्तीवर होते.

"थंडी होती," ते सांगत होते. "गावातल्या शाळेसमोरून आमची गाडी दोनदा गेली. सकाळी गेलो तर पोलीस आणि टेबलामागं बसलेले मास्तर. दुपारी गेलो तर तेच पोलीस, तेच मास्तर. घरांची दारं बंद. आत माणसं होती, धूर दिसत होता."

मामी धारवाडकडच्या. हे सगळं त्यांनी आधी ऐकलं असणारच, तरी त्यांनी हळूच विचारलं, "यारू बरलिल्लेनु?"

"इल्ल," मामा म्हणाले.

राज्यभरात सुमारे 24 टक्केच मतदान झालं. अकाली दलाच्या बहुतेक गटांनी बहिष्कार टाकला होता आणि अतिरेक्यांच्या धमक्या होत्या. बोटाला शाई दिसली तर रात्री दारावर कोण येईल, हा प्रश्न होता. म्हणजे शाई न लागलेलं प्रत्येक बोट निषेधाचं होतं की भीतीचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तेरापैकी बारा जागा काँग्रेसला मिळाल्या आणि दिल्लीतल्या अल्पमतातल्या सरकारला आधार झाला. बेअंत सिंग मुख्यमंत्री झाले. 31 ऑगस्ट 1995 ला बॉम्बस्फोटात त्यांचीही हत्या झाली.

मला वाटतं, हिंसेचा हाच खरा विजय असतो. एखादा नेता गेला की देश रडतो, वर्तमानपत्रं भरतात. पण घरात बसून राहिलेल्या माणसाची बातमी होत नाही.

मामांनी पुढचंही सांगितलं, ते मला फार आवडलं. वर्षभरात दहशत ओसरली आणि जानेवारी 1993 मध्ये ग्रामपंचायतींना ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदान झालं. माणसं तीच, गावं तीच. भीती उठली तशी दारं उघडली.

"त्यांना यायचं होतं, येता येत नव्हतं," मामा उठता उठता म्हणाले. "तुम्हाला येता येतंय, तर गोकर्णाला जाताय."

ह्यांनी काही न बोलता गाडीवाल्याला फोन केला. 7 तारखेला सकाळी सातलाच आम्ही रांगेत उभे राहिलो. मामा आमच्या पुढं होते, काठी टेकत. दुपारी गोकर्णाला निघालो तेव्हा धाकटीनं माझं बोट हातात घेऊन विचारलं, "आई, ही शाई कधी जाते गं?"

म्हटलं, "राहू दे की. घाई काय आहे?"