विश्लेषण : मच्छीमारांना इशारा नाही, म्हणजे कयाकला मोकळीक?

एप्रिल-मेमध्ये पहाटेच्या वेळी कोकणातला समुद्र अनेकदा तळ्यासारखा शांत असतो. मोबाइलवरचे अ‍ॅप वाऱ्याचा वेग ताशी आठ किलोमीटर दाखवते. मच्छीमारांसाठी हवामान विभागाचा कोणताही इशारा नसतो. कयाक पाण्यात लोटायची, तीन-चार किलोमीटर आत जाऊन सुरमईसाठी गळ टाकायचा आणि उन्हाच्या आत परतायचे, हा बेत मग अगदी साधा वाटतो. अडचण एवढीच, की ते अ‍ॅप आणि तो इशारा या दोन्ही गोष्टी कयाकसाठी बनवलेल्याच नाहीत.

इशारा नेमका कोणासाठी?

मच्छीमारांच्या इशाऱ्यात ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत’ अशी भाषा नेहमी दिसते. ट्रॉलरने बंदरात थांबावे, असा हा वारा. हाताने वल्हवायच्या कयाकची दमछाक मात्र ताशी २० किलोमीटरलाच सुरू होते. म्हणजे २० ते ४५ हा सगळा टप्पा कयाकसाठी धोक्याचा असतो आणि त्यात इशारा आलेलाच नसतो, असे होऊ शकते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने २०२० मध्ये छोट्या नौकांसाठी स्वतंत्र सल्ला सेवा सुरू केली. ती उपयोगी आहे, पण तिथे ‘छोटी’ म्हणजे सात मीटरपर्यंत रुंदीची नौका. मासेमारीच्या कयाकची रुंदी जेमतेम ८०-९० सेंटिमीटर भरते.

अ‍ॅपचा दोष वेगळा आहे. लोकप्रिय अ‍ॅपमागचे युरोपीय मॉडेल सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकोनात हवामान मोजते, अमेरिकी मॉडेलचा चौकोन त्याहून मोठा. किनाऱ्यावरच्या एकाच चौकोनात थोडा समुद्र, थोडी खाडी आणि थोडा डोंगर येतो. स्क्रीनवर दिसणारा आकडा त्या सगळ्याची सरासरी असतो. दहा-पंधरा मिनिटांचा सोसाटा अशा सरासरीत सहज विरघळून जातो.

सकाळ फसवी का असते?

खारे वारे आणि मतलई वारे शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हलका मतलई वारा कयाकला आत नेतो आणि आपणच जोरात वल्हवतोय असे वाटते. ऊन तापले की चित्र उलटते. वायव्येकडून खारा वारा उठतो आणि दुपारपर्यंत वाढत जातो. तो किनाऱ्याकडेच ढकलतो, मग काळजी कसली? एक तर तो तिरका असतो, त्यामुळे निघालेल्या जागेच्या बराच दक्षिणेला नेऊन सोडतो. दुसरे म्हणजे कोकणात बरेच जण खाडीच्या तोंडातून बाहेर पडतात. ओहोटीचे पाणी बाहेर निघालेले आणि वारा आत येणारा, अशी गाठ पडली की तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. चार तासांच्या उन्हाने थकलेल्या माणसाला सगळ्यात अवघड पाणी अगदी शेवटी पार करावे लागते.

मे महिन्यातला वळीव हा याहून वाईट प्रकार. सह्याद्रीवर दुपारनंतर ढग माजतात आणि कधी कधी त्यांच्यातून सुटलेला गार वारा किनारा ओलांडून समुद्रात शिरतो. हा वारा घराकडून येतो, म्हणजे परतताना थेट तोंडावर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १० वरून २० झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट. ताशी पाच किलोमीटरने चाललेली कयाक ताशी दोनवर आली, तर चार किलोमीटर परतायला पाऊण तासाऐवजी दोन तास लागतात. त्यात वीज. कार्बन फायबरची रॉड विजेची वाहक असते आणि सपाट समुद्रात कयाकवाला हाच सर्वांत उंच ठिपका असतो. पुण्याच्या ‘आयआयटीएम’चे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची सूचना देते, पण त्याला नेटवर्क लागते आणि किनाऱ्यापासून दूर त्याचा भरवसा नाही.

आभाळ निरभ्र असले तरी?

तरीही. ४ आणि ५ मे २०२४ रोजी महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही उंच लाटांचा इशारा होता. अशा लाटा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघतात आणि काही दिवस प्रवास करून आपल्याकडे पोहोचतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. खोल पाण्यात कयाक अशा लाटेवर अलगद वर-खाली होते, काही जाणवतही नाही. तीच लाट किनाऱ्यावर फुटते तेव्हा वाळूला लागायला आलेली कयाक उलटते.

बंदी कयाकला लागू नाही, मग?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. महाराष्ट्रात पारंपरिक बिगरयांत्रिक नौकांना तीतून सूट आहे. कयाकला इंजिन नाही, म्हणून आम्हीही सुटलो, असा युक्तिवाद सहज करता येतो. तो आम्हाला पटत नाही. ही सूट किनाऱ्यालगत पोट भरणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, शनिवार-रविवारच्या हौसेसाठी नाही. शिवाय १ जून ही तारीख समुद्र पाळतोच असे नाही. २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ १७ मे रोजी मुंबईजवळून गेले. २०२५ मध्ये तर मेअखेरीसच, मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. हौशी कयाकवाल्यांनी आपला हंगाम मेच्या मध्यालाच आवरता घ्यावा आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पाहून पुन्हा सुरू करावा, हे बरे.

त्याआधीच्या दिवसांत काय करायचे? जाण्याचा नव्हे, परतीच्या वेळेचा अंदाज बघा. त्यात वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर गळ खाडीतच टाका, तिथे जिताडा असतोच. आत दोन किलोमीटरची मर्यादा पाळा आणि दहाच्या आत वाळूला लागा. लाइफ जॅकेट अंगात हवे, सीटमागे बांधलेले कामाचे नाही. उलटलेली कयाक खोल पाण्यात सरळ करून तिच्यावर पुन्हा चढता येते का, हे किनाऱ्याजवळ, सोबत कोणी असताना, सगळे सामान लावून करून पाहा. अनेकांना ते पहिल्यांदा जमत नाही.

आणि किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवा. ती वेळ टळून अर्धा तास झाला आणि फोन लागला नाही, तर त्याने वाट पाहत बसायचे नाही, तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवायचे. कुठून निघाला, कयाकचा रंग कोणता आणि कोणत्या दिशेला गेला, एवढे त्याला आधीच माहीत हवे.