अपडेटनंतर वायफाय गायब, स्क्रीन लुकलुकतेय: बिघाड लॅपटॉपचा की कर्नलचा?

काल रात्रीपर्यंत लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. अपडेट झालं, रीस्टार्ट केला आणि वायफायचं चिन्हच दिसेनासं झालं. कुणाचा आवाज जातो, कुणाची स्क्रीन काळी राहते. मनात पहिला विचार येतो, 'कार्ड उडालं वाटतं!' मग दुरुस्तीचं दुकान आणि खर्च.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू किंवा मिंट टाकणं हा तेव्हापासून घरगुती वापरकर्त्यांसाठीही एक पर्याय झालाय. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा राहिलेला नाही.

कर्नल बदलला की हार्डवेअर का अडतं?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वायफाय, स्क्रीन, साउंड या सगळ्यांशी तोच बोलतो आणि त्यासाठी ड्रायव्हर वापरतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलचाच भाग असतात. म्हणजे कर्नल नवा आला की ड्रायव्हरही नवे येतात आणि कधीतरी त्यासोबत नवी चूकही येते.

काही ड्रायव्हर मात्र बाहेरचे असतात. उदाहरणार्थ एनव्हिडियाचा स्वतःचा ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपचा ड्रायव्हर. ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावे लागतात. हे काम सहसा आपोआप होतं. ते फसलं, तर कर्नल नवा आणि ड्रायव्हर गायब अशी अवस्था होते. सिक्युअर बूट सुरू असेल आणि ड्रायव्हरवर मान्य डिजिटल सही नसेल, तरीही कर्नल त्याला आत घेत नाही.

'मी तर व्हर्जन बदललंच नाही,' असंही वाटू शकतं. पण उबंटू २४.०४ सुरुवातीला ६.८ कर्नलसह आलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच २४.०४ साठी ६.१४ आला. नाव तेच राहिलं, गाभा बदलला.

२०२२ मध्ये काय झालं होतं?

२८ सप्टेंबर २०२२ रोजी लिनक्स ५.१९.१२ आला. त्यानंतर इंटेल ग्राफिक्स असलेल्या काही लॅपटॉपच्या स्क्रीन पांढऱ्या लुकलुकू लागल्या. स्क्रीनला वीज कधी द्यायची, कधी थांबायचं याच्या वेळा ड्रायव्हर चुकीच्या घेत होता. यामुळे स्क्रीनचं पॅनल खराबही होऊ शकतं, असा इशारा इंटेलच्याच इंजिनिअरने दिला. ४ ऑक्टोबरला ५.१९.१३ आला आणि तो बदल मागे घेतला गेला.

यातून दोन गोष्टी कळतात. दोष हार्डवेअरचा वाटला, तरी तो कर्नलचा असू शकतो. आणि स्क्रीन लुकलुकत असताना 'बघू दोन दिवस' म्हणत लॅपटॉप वापरत राहणं धोक्याचं ठरू शकतं.

मग आधी काय करायचं?

१. लॅपटॉप रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करा, मिनिटभराने सुरू करा. अडकलेली वायफाय चिप कधीकधी एवढ्यानेच ताळ्यावर येते.

२. तरीही अडचण असेल तर जुना कर्नल निवडा. उबंटूत सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा), मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. तिथे कर्नलचे आकडे दिसतील. आधीचा आकडा निवडा, 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ नको. उबंटू सहसा आधीचा कर्नल ठेवतं, फेडोरा एकूण तीन ठेवतं. आर्चमध्ये जुना आपोआप राहत नाही, म्हणून तिथे एलटीएस कर्नल सोबत टाकून ठेवलेला बरा.

३. जुन्या कर्नलवर सगळं चाललं, तर कार्ड शाबूत आहे. बाहेरचा ड्रायव्हर असेल तर तो पुन्हा इन्स्टॉल करा. नाहीतर पुढच्या अपडेटची वाट पाहा.

४. जुन्यावरही चाललं नाही, तर दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून बघा. तिथे चाललं तर दोष इन्स्टॉल केलेल्या सिस्टिममध्ये आहे. तिथेही ते उपकरण दिसत नसेल, तर मात्र हार्डवेअरचा संशय बळावतो.

अपडेटच बंद करावं का?

नाही. कर्नलच्या अपडेटमधूनच सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जातात. जुना कर्नल ही तात्पुरती सोय आहे, कायमचा मुक्काम नाही. दुरुस्ती आली की नव्यावर परत या.

मात्र परीक्षेच्या किंवा ऑफिसच्या मीटिंगच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. नवा कर्नल चार दिवस नीट चालेपर्यंत जुना काढून टाकू नका. आणि दुकानात पैसे मोजण्याआधी जुन्या कर्नलवर एकदा बघाच. पाच मिनिटांचं काम आहे, आणि फुकट आहे.