वर्गातला मागचा बाक कोणाचा?

जून महिना उजाडला की आपल्या वस्त्यांतून दप्तर, वह्या, छत्री यांची धावपळ सुरू होते. ओव्हरटाइम करून बाप पैसे उभे करतो, आई जुना गणवेश उसवून लांब करते. पण एक प्रश्न आपण गुरुजींना क्वचितच विचारतो. आमचे मूल वर्गात कोठे बसते?

हा प्रश्न इतरांना क्षुल्लक वाटेल, आपल्या समाजाला तो क्षुल्लक वाटता कामा नये. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडीही ते गोणपाट शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या साताऱ्यातील शाळाप्रवेशाचा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या दिवशी भाषणे होतात, हार घातले जातात. पण त्याच वर्गात मागच्या बाकावर ‘ढ’ म्हणून बसवलेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष जाते काय?

आम्ही अर्ज, दाखले भरून देतो, त्यामुळे पालकांशी बोलणे होते. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारे एक बांधव आमच्याकडे आले. मुलगा आठवीत. दुकानाचा हिशेब तोंडी अचूक करतो, २०२१ च्या पुराची हकीकत तासभर रंगवून सांगतो. पण पुस्तकातली एक ओळ वाचताना घामाघूम होतो. शाळेतून सल्ला मिळाला होता, “याला आता कामाला लावा.” बापही त्याच विचारात होता. बांधवांनो, बापाची कंत्राटी नोकरी मुलाच्या वाट्याला येते ती अशी.

डोळे ठीक, कान ठीक, बुद्धी ठीक, तरीही वाचन, लेखन किंवा आकडेमोड जमत नाही, याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तो आळस नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि मागच्या जन्मीचे पाप तर नव्हेच. अशा मुलाला भ आणि म, घ आणि ध सारखे दिसतात, जोडाक्षर फुटते, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे ठरत नाही. ‘एकवीस’ ऐकले की आधी एक ऐकू येतो, म्हणून काही मुले १२ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची दुसरी पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. अशा मुलाच्या आईने मात्र टिंगल केली नसती.

मागे पडलेले प्रत्येक मूल अध्ययन अक्षम असते, असेही नाही. कोणाला चष्मा हवा असतो, कोणाच्या कानात दोष असतो, तर कोणाची शाळा बापाच्या कामापायी तीनदा बदललेली असते. म्हणून आधी डोळे व कान तपासावेत. नीट मांडलेल्या वर्गाचा फायदा मात्र या सर्वांनाच होतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक भिक्खूची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू. त्याने धाकट्याला सांगितले, “तू विहार सोडून जा.” तो रडत निघाला, तेव्हा तथागतांनी त्याला थांबवले. पुन्हा गाथा घोकायला लावली नाही. हातात स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत ‘मळ जातो’ एवढेच म्हणायला सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्याला अनित्य उमगले आणि तो अर्हत झाला. तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. आपल्या शाळांना हे का जमू नये?

आमच्या महाड-पोलादपूर भागात पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली गुरुजींचा शब्द तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. डोंगरातल्या लहान शाळेत एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. एक पाढे म्हणते, दुसरी धडा वाचते. ज्या मुलाला अक्षर ओळखायलाच सारे बळ लागते, त्याचे या गोंगाटात काय होत असेल?

यावर करता येण्याजोगे पुष्कळ आहे, तेही थोड्या खर्चात. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे, आवाज कमी होतो. असे मूल फळ्याजवळ, दार-खिडकीच्या वर्दळीपासून दूर आणि समजूतदार सोबत्याशेजारी बसवावे. मात्र एकट्यालाच वेगळे काढून पुढे बसवू नये. तेही गोणपाटच झाले. त्यापेक्षा सर्व बाक अर्धगोलात मांडावेत, म्हणजे मागचा बाक उरतच नाही. उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही, डावखुऱ्याला उजवीकडून. फळ्यावर थोडे, मोठे आणि अंतर सोडून लिहावे. भिंतीवर तक्त्यांची गर्दी नको. एका कोपऱ्यात चटई व वाळूचे ताट ठेवावे. बोटाने गिरवलेले अक्षर मनात ठसते. तो कोपरा शिक्षेचा होऊ देऊ नये. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावण्याऐवजी तोंडी उत्तर घ्यावे.

ही कोणाच्या मेहरबानीची बाब नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत. त्या आधी मिळाल्या त्या माहितगार पालकांच्या मुलांना. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत ती आली. याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशी मुले लवकर ओळखून त्यांच्या शिक्षणाची योग्य सोय करणे ही शाळांची जबाबदारी आहे. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते. १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. आपल्याकडे ते आठवते दहावीचा फॉर्म भरताना. तोवर मूल शाळेला कंटाळलेले असते. म्हणून तिसरी-चौथीतच शाळेला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटा. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. एक दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा तपासणीचा वार विचारूनच निघा.

दुसरे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. छत, बाक, फळा हे विषय तेथे मांडायचे असतात. आमच्या भगिनींनी तेथे नुसती सही करून उठू नये. वसाहतीतील मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. आपण मागायला जातो तेव्हा संगणक मागतो. यंदा छताच्या तट्ट्या आणि नवा फळा मागून पाहू.

२० मार्च १९२७ रोजी आपल्या महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे. सर्वांच्या बरोबरीने त्याच काठावर उभे राहण्याच्या हक्कासाठी. वर्गातली जागा हा त्याच जातीचा हक्क आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा आपापल्या मुलांना एवढे विचारा, “वर्गात तू कोठे बसतोस?” आणि उत्तर ऐकून गप्प बसू नका.

जय भीम!